जकात की गुलामगिरी? आधी तारखा लावून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यूपीएससीसाठी जागतिक इतिहास करताय, एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेच्या युद्धांची कारणं आणि परिणाम पाठ झालेत, पण उत्तर आणि दक्षिणेतल्या राज्यांमधल्या यादवी युद्धापाशी (१८६१-६५) गाडी अडली आहे. एका नोट्समध्ये कारण गुलामगिरी, दुसऱ्यांत राज्यांचे हक्क, तिसऱ्यांत उद्योगप्रधान उत्तर विरुद्ध शेतीप्रधान दक्षिण आणि जकात. क्लासमध्ये सांगतात, "सगळी लिहा, कुठल्या तरी मुद्द्याला गुण मिळतील." तुम्हाला खरं काय ते हवंय.

बावीस वर्षं हा विषय शिकवतोय, आणि पहिली पाच-सहा वर्षं मीही सगळी भेळच वाढत होतो. जकातीवर तर माझं एक आख्खं लेक्चर असायचं. उत्तरेतल्या कारखानदारांना आयात मालावर भारी जकात हवी, दक्षिणेतल्या मळेवाल्यांना स्वस्त विलायती माल हवा, मॉरिल जकात कायदा आला आणि दक्षिण फुटली. फळ्यावर बाण काढून दाखवायचो. एका वर्षी मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "सर, मॉरिल कायद्यावर सही कधी झाली?" मी सांगितलं, २ मार्च १८६१. ती म्हणाली, "मग सात राज्यं तर त्याच्या आधीच गेली होती ना?" साउथ कॅरोलायना २० डिसेंबर १८६० ला बाहेर पडलं, टेक्सास १ फेब्रुवारी १८६१ ला. माझा बाण उलटा होता. ते विधेयक १८६० च्या मे महिन्यात खालच्या सभागृहात मंजूर झालं खरं, पण सिनेटमध्ये अडकून पडलं होतं. दक्षिणेचे सिनेटर उठून घरी गेले म्हणून ते पुढे सरकलं. त्याआधीची, १८५७ ची जकात कित्येक दशकांतली सर्वात हलकी होती आणि ती दक्षिणेच्याच पाठिंब्यानं आली होती.

त्या दिवसापासून मला एक सवय लागली. कुणीही कारण सांगितलं की आधी विचारायचं: हे कोण बोललं, आणि कधी बोललं? युद्धाआधी, की हरल्यावर?

तुमच्या प्रश्नाची खरी अडचण मला वेगळीच दिसते. तुम्ही एक प्रश्न विचारताय, पण आत तीन आहेत. दक्षिणेतली राज्यं संघातून का फुटली? फुटल्यावर युद्ध का झालं? आणि उत्तरेचा किंवा दक्षिणेचा साधा शिपाई का लढला? तिन्हींची उत्तरं वेगवेगळी आहेत. नोट्सवाले एकाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवतात, म्हणून तुम्हाला गोंधळ वाटतोय.

पहिल्याचं उत्तर सर्वात सोपं, कारण फुटणाऱ्यांनी ते लिहून ठेवलंय. साउथ कॅरोलायना, मिसिसिपी, जॉर्जिया आणि टेक्सास या चार राज्यांनी "आम्ही का बाहेर पडतोय" याची सविस्तर निवेदनं काढली. मिसिसिपीच्या निवेदनात दुसऱ्याच वाक्यात म्हटलंय की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप आहे आणि ती संस्था हा जगातला सर्वात मोठा ऐहिक हितसंबंध आहे. साउथ कॅरोलायनाचं निवेदन मी वर्गात मोठ्यानं वाचून घेतो, कारण "राज्यांचे हक्क" या मुद्द्याचा निकाल तिथेच लागतो. त्यांची तक्रार काय? उत्तरेतली राज्यं पळून आलेले गुलाम परत देत नाहीत. तसे कायदे करणाऱ्या राज्यांची नावं एकामागून एक मोजून दाखवली आहेत. मालक आपला गुलाम घेऊन न्यूयॉर्कमधून नुसता प्रवास करू म्हणाला तरी तिथे त्याला तो हक्क नाही, हीसुद्धा तक्रार. म्हणजे उत्तरेतली राज्यं स्वतःचा हक्क वापरत होती आणि दक्षिण त्याच्यावरच चिडली होती! १८५० चा पळपुट्या गुलामांचा कायदा म्हणजे केंद्र सरकारनं राज्यांच्या डोक्यावर बसून गुलाम पकडायचे. तो कायदा दक्षिणेला अगदी कडक हवा होता. फुटलेल्या राज्यांनी मिळून काढलेल्या नव्या देशाच्या, म्हणजे कॉन्फेडरसीच्या, घटनेनं तर काळ्या गुलामांवरच्या मालकीहक्काला बाधा आणणारा कायदा करायलाच बंदी घातली.

कॉन्फेडरसीचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स. मार्च १८६१ मध्ये सव्हाना इथल्या भाषणात तो सरळ म्हणाला की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, हीच आमच्या सरकारची कोनशिला. युद्ध हरल्यावर त्याच गृहस्थानं दोन जाडजूड खंड लिहून सांगितलं की भांडण घटनेच्या अर्थाचं आणि राज्यांच्या अधिकारांचं होतं. माणूस तोच, तारीख निराळी. तुमच्या दुसऱ्या नोट्समध्ये आलंय ते हे हरल्यानंतरचं कारण.

यावर वर्गात हमखास एक शंका येते: लिंकननं तर गुलामगिरीला हात लावणार नाही म्हणून सांगितलं होतं, मग दक्षिण घाबरली कशाला? शंका रास्त आहे. लिंकनचं म्हणणं होतं की जिथे गुलामगिरी आहे तिथे असू दे, नव्या प्रदेशात पसरू देणार नाही. आणि भांडण नेमकं "नव्या प्रदेशा"वरच होतं. हा नवा प्रदेश आला कुठून? त्यासाठी पंधरा वर्षं मागे जाऊन मेक्सिकोशी झालेलं युद्ध बघावं लागतं. बहुतेक नोट्समध्ये त्याला चार ओळी असतात, आणि माझ्या मते शतकाची किल्ली तिथेच आहे.

टेक्सास मुळात मेक्सिकोचा भाग. अमेरिकन मळेवाले तिथे गुलाम घेऊन वसले, मेक्सिकोनं १८२९ मध्ये गुलामगिरी बंद केली, कुरबुरी वाढल्या आणि १८३६ मध्ये टेक्सास वेगळं झालं. १८४५ च्या अखेरीस अमेरिकेनं ते सामील करून घेतलं. आता सीमा कुठली? मेक्सिको म्हणे न्युएसेस नदी, अमेरिका म्हणे तिच्या दक्षिणेची रिओ ग्रांदे. राष्ट्राध्यक्ष जेम्स पोकचा डोळा खरं तर कॅलिफोर्नियावर होता. विकत मागायला त्यानं दूत पाठवला, मेक्सिकोनं त्याला भेटही दिली नाही. जानेवारी १८४६ मध्ये पोकनं जनरल टेलरला फौज घेऊन थेट रिओ ग्रांदेवर जायचा हुकूम सोडला. २५ एप्रिलला चकमक झाली, काही अमेरिकन शिपाई पडले.

आता तारखेची गंमत बघा. त्या काळी ही बातमी वॉशिंग्टनला पोचायला दोन आठवडे लागले. ९ मे रोजी दुपारी पोकच्या मंत्रिमंडळानं युद्धाचा प्रस्ताव काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे, पाठवायचं ठरवलं. चकमकीची बातमी आली त्याच दिवशी संध्याकाळी! निर्णय दुपारचा आणि कारण संध्याकाळचं. मग पोकनं काँग्रेसला सांगितलं की अमेरिकन भूमीवर अमेरिकन रक्त सांडलंय, आणि १३ मेला युद्ध जाहीर झालं. पुढच्या वर्षी इलिनॉयचा एक नवखा काँग्रेस सदस्य विचारत होता की रक्त सांडलं ती जागा नेमकी कुठे आहे, ती आमचीच होती हे दाखवा. त्याचं नाव अब्राहम लिंकन. त्या वेळी त्याची टिंगलच झाली.

तहाची कहाणी तर कादंबरीत घालावी अशी. वाटाघाटींसाठी पाठवलेल्या निकोलस ट्रिस्टला पोकनं मधेच परत बोलावलं. पत्र हातात पडलं तेव्हा मेक्सिको शहर पडलेलं, समोर बोलायला तयार असलेली माणसं. ट्रिस्टनं विचार केला, आत्ता सोडलं तर तह होत नाही. त्यानं पासष्ट पानी पत्र लिहून हुकूम धुडकावला आणि २ फेब्रुवारी १८४८ ला ग्वादालूपे हिदाल्गो इथे सही केली. पोक संतापला, पण हातात आलेला तह टाकवेना. तह ठेवला, ट्रिस्टला हाकललं आणि त्याचा पगार अडकवला. तो त्याला १८७१ मध्ये मिळाला. मेक्सिकोला दीड कोटी डॉलर मिळाले आणि टेक्सास धरून निम्म्याहून जास्त भूमी गेली. सहीच्या नऊ दिवस आधी कॅलिफोर्नियात सटरच्या गिरणीपाशी सोनं सापडलं होतं. सही करणाऱ्या दोन्ही बाजूंना त्याचा पत्ता नव्हता. अमेरिकेचे जवळपास तेरा हजार सैनिक मेले, पण प्रत्यक्ष लढाईत दोन हजारांहून कमी. बाकीचे बहुतेक रोगराईनं.

या युद्धाचा परिणाम लिहिताना "प्रदेशविस्तार" एवढाच शब्द लिहून थांबू नका. युद्ध चालू असतानाच, ऑगस्ट १८४६ मध्ये डेव्हिड विल्मट नावाच्या सदस्यानं सुचवलं की मेक्सिकोकडून मिळेल त्या भूमीत गुलामगिरी नको. खालच्या सभागृहात ते मंजूर झालं, सिनेटमध्ये बारगळलं. मतं मात्र पक्षानुसार पडली नाहीत, उत्तर-दक्षिण अशी पडली. भांडं फुटलं ते इथे. जमीन जिंकली, आणि तिच्या वाटणीवरून घरात जुंपली. युलिसिस ग्रँट या युद्धात तरुण अधिकारी होता आणि पुढे यादवीत उत्तरेचा सेनापती झाला. म्हातारपणी आठवणी लिहिताना त्यानं मेक्सिकोवरचं युद्ध अत्यंत अन्यायी ठरवलं आणि यादवी युद्ध हे मुख्यतः त्याचंच फळ असल्याचं म्हटलं. स्टीफन्ससारखा हाही नंतरचाच साक्षीदार, मग याचं का ऐकायचं? कारण जिंकलेला सेनापती आपल्याच देशाच्या विरोधात साक्ष देतोय. त्यात त्याची सोय काहीच नव्हती.

पुढची दहा वर्षं भराभर जातात. १८५० ची तडजोड, १८५४ चा कॅन्सस-नेब्रास्का कायदा, त्यानं नव्या प्रदेशात गुलामगिरी कुठवर चालेल हे ठरवणारी १८२० ची मिसुरीची रेषा पुसली आणि कॅन्ससमध्ये रक्तपात झाला. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की नव्या प्रदेशात गुलामगिरी रोखायचा काँग्रेसला अधिकारच नाही. १८५९ मध्ये गुलामगिरीचा कट्टर विरोधक जॉन ब्राउन याचा सरकारी शस्त्रागारावर छापा. १८६० मध्ये लिंकन निवडून आला, आणि दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांत त्याच्या नावाची मतपत्रिकासुद्धा नव्हती. दक्षिणेच्या लक्षात आलं की आपलं एकही मत न घेता राष्ट्राध्यक्ष होता येतं. त्या साली देशात सुमारे साडेएकोणचाळीस लाख गुलाम होते आणि देशाच्या निर्यातीत निम्म्याहून अधिक वाटा कापसाचा. आर्थिक संघर्ष म्हणतात तो हाच. तो गुलामगिरीपासून वेगळा काढून दुसरा मुद्दा कसा करता येईल, हे मला आजवर कुणी समजावून दिलेलं नाही.

दुसरा प्रश्न, युद्ध का झालं. इथे उत्तर बदलतं. उत्तरेतली राज्यं सुरुवातीला गुलाम सोडवायला लढत नव्हती. संघ टिकवायला लढत होती. १२ एप्रिल १८६१ ला फोर्ट सम्टरवर तोफा डागल्या गेल्या, त्यानंतरही डेलावेअर, मेरिलँड, केंटकी आणि मिसुरी ही गुलामगिरीची चार राज्यं संघातच राहिली. लिंकनला ती दुखवायची नव्हती. म्हणून "लिंकननं गुलाम मुक्त करण्यासाठी युद्ध केलं" हे वाक्य चूक, आणि त्यावरून "म्हणजे युद्ध गुलामगिरीचं नव्हतंच" असा निष्कर्ष काढणं त्याहून चूक. सोडून जाणाऱ्याचं कारण एक, अडवणाऱ्याचं दुसरं.

उत्तरेचं धोरण पालटलं कसं, त्याचा एक प्रसंग सांगतो. मे १८६१. व्हर्जिनियातले तीन गुलाम, त्यांना कॉन्फेडरेट तोफांसाठी मोर्चे बांधायला जुंपलेलं. रात्री होडी वल्हवत ते समोरच्या फोर्ट मन्रोमध्ये आले. दुसऱ्या दिवशी मालकाचा माणूस पांढरं निशाण घेऊन हजर: पळपुट्या गुलामांच्या कायद्यानं ते परत करा. किल्ल्याचा सेनापती बेंजामिन बटलर पेशानं वकील. तो म्हणाला, व्हर्जिनिया तर आता परदेश आहे म्हणता ना? मग आमचा कायदा परदेशाला कसा लागू होईल? आणि तिघांना युद्धात जप्त केलेला शत्रूचा माल म्हणून ठेवून घेतलं. शब्द अपमानास्पदच, पण वाट उघडली. आधी शेकड्यांनी, मग हजारांनी माणसं पळून येऊ लागली. लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ चा. त्याच्या दीड वर्ष आधी गुलामांनी आपल्या पायांनी तो प्रश्न सरकारच्या दारात आणून ठेवला होता. पुढे सुमारे एक लाख ऐंशी हजार काळे सैनिक उत्तरेकडून लढले.

तिसऱ्या प्रश्नावर, साधा शिपाई का लढला यावर, एक उत्तर नाही आणि मी देणारही नाही. कुणी गावासाठी, कुणी पगारासाठी, कुणी सक्तीच्या भरतीत सापडला म्हणून. दक्षिणेतल्या गोऱ्या कुटुंबांपैकी बहुसंख्यांकडे एकही गुलाम नव्हता, हे खरंय. पण सैनिकाचा हेतू हे राज्य फुटण्याचं कारण होत नाही.

परिणाम. जुन्या गणतीनं सुमारे सहा लाख वीस हजार मृत्यू, अलीकडच्या जनगणनेवर आधारलेल्या अंदाजानं साडेसात लाखांच्या आसपास. तेरावी घटनादुरुस्ती (१८६५) गुलामगिरी संपवते, चौदावी (१८६८) नागरिकत्व देते, पंधरावी (१८७०) मतदानातला वंशभेद मना करते. आणि मग १८७७ मध्ये राजकीय सौदा होऊन दक्षिणेतलं केंद्राचं सैन्य बाजूला होतं, १८९६ मध्ये सुप्रीम कोर्ट काळ्या-गोऱ्यांना "वेगळे पण समान" ठेवायला मान्यता देतं, आणि मतदानाचा हक्क खऱ्या अर्थानं मिळायला १९६५ उजाडतं. परिणाम लिहिताना १८६५ ला पेन खाली ठेवू नका.

मराठी माणसानं यातला एक परिणाम आपल्या घरचा म्हणून लक्षात ठेवावा. उत्तरेनं दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि भाव चढला तो मुंबईच्या बाजारात. खानदेश-वऱ्हाडचा कापूस सोन्याच्या मोलानं गेला. मुंबईचे बडे दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या काळातलं ते शेअरचं वेड, समुद्रात भर घालून जमीन करणारी बॅकबे भरावाची कंपनी, रोज नवी बँक, सगळं त्या पैशावर. ९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेचा सेनापती जनरल ली यानं शरणागती पत्करली, बातमी आली आणि त्याच वर्षी मुंबईत दिवाळं वाजलं. कित्येक पेढ्या बुडाल्या, बँक ऑफ बॉम्बेही पुढे गुंडाळावी लागली. प्रेमचंदांनी ऐन तेजीत आईच्या नावानं दिलेल्या देणगीचा राजाबाई टॉवर मात्र उभा राहिला. दुसरा धागा जोतीराव फुल्यांचा. १८७३ मध्ये त्यांनी "गुलामगिरी" अर्पण केली ती अमेरिकेतल्या लोकांना, काळ्या गुलामांना मुक्त करण्याच्या कामी त्यांनी दाखवलेल्या औदार्याबद्दल. युद्ध संपून आठ वर्षं झाली होती, आणि पुण्यात बसलेल्या माणसाला ते कशाबद्दल होतं याची शंका नव्हती.

बाकीची युद्धं थोडक्यात. १८१२ चं ब्रिटनशी झालेलं युद्ध: भर समुद्रात अमेरिकन खलाशी पकडून ब्रिटिश नौदलात जुंपणं, व्यापारावरचे निर्बंध, आणि पश्चिमेकडच्या जमिनीची भूक. तहात सीमा होत्या तिथेच राहिल्या. हरले ते तिसरेच: टेकमसेह या आदिवासी नेत्यानं उभारलेली आदिवासी टोळ्यांची आघाडी. तो १८१३ मध्ये मारला गेला आणि तिला पुन्हा कुणी उभं केलं नाही.

आदिवासींशी झालेल्या लढायांना नोट्समध्ये वेगळा कप्पा असतो. मी तो यादवीशेजारी ठेवतो. दक्षिणेचे सदस्य संसदेत नसल्यामुळे १८६२ मध्ये होमस्टेड कायदा आणि पॅसिफिक रेल्वेचा कायदा सहज मंजूर झाले. वसाहतवाल्यांना फुकट जमीन, रेल्वेला जमीन, आणि जमीन कुणाची? त्याच वर्षी मिनेसोटात डकोटा लोकांनी उठाव केला. तीनशे तीन जणांना फाशी सुनावली होती, लिंकननं कागद तपासून बहुतेकांची रद्द केली, तरी २६ डिसेंबरला मँकेटो गावात अडतीस जणांना एकाच वेळी लटकवलं. मुक्तीचा जाहीरनामा त्यानंतर सहा दिवसांनी आला. मग १८६४ ला सँड क्रीकची कत्तल, १८६८ च्या तहानं सू आदिवासींना दिलेले ब्लॅक हिल्स डोंगर, तिथे १८७४ ला सापडलेलं सोनं, १८७६ ला लिटल बिगहॉर्न नदीवर अमेरिकन सेनाधिकारी कस्टरचा फडशा, आणि २९ डिसेंबर १८९० ला वून्डेड नीची कत्तल. ब्लॅक हिल्स बेकायदा घेतले हे सुप्रीम कोर्टानं १९८० मध्ये मान्य करून भरपाई ठरवली. सू लोकांनी ती नाकारली, त्यांना जमीन हवी आहे.

१८९८ च्या स्पेनशी झालेल्या युद्धाला तारखेची कसोटी स्वतः लावून बघा. फेब्रुवारीत स्पेनच्या ताब्यातल्या क्यूबात, हवानाच्या बंदरात, अमेरिकेचं मेन जहाज फुटलं, वर्तमानपत्रांनी स्पेनवर आळ घेतला. १९७६ मध्ये नौदलाच्याच ॲडमिरल रिकोव्हरच्या तपासानं आतल्या कोळशाच्या आगीकडे बोट दाखवलं. एप्रिलमध्ये काँग्रेसनं लिहून दिलं की क्यूबा आम्ही गिळणार नाही. पहिली मोठी लढाई मात्र १ मेला झाली स्पेनच्याच ताब्यातल्या फिलिपिन्समध्ये, मनिलात, क्यूबापासून अर्ध्या जगावर. डिसेंबरच्या तहात दोन कोटी डॉलर देऊन फिलिपिन्स घेतलं, आणि फेब्रुवारी १८९९ पासून त्याच फिलिपिनो लोकांशी लढाई सुरू.

आता तुमच्या उत्तराबद्दल. अडीचशे शब्दांत लिहायचं तर मी असं लिहीन: पहिल्या परिच्छेदात १८४६-४८ ची भूमी आणि विल्मट, दुसऱ्यात राज्यांची स्वतःची निवेदनं, तिसऱ्यात उत्तरेचं उद्दिष्ट संघाकडून मुक्तीकडे कसं सरकलं ते, शेवटी घटनादुरुस्त्या आणि १८७७. राज्यांचे हक्क लिहाच, पण "कशाचा हक्क" हे त्याच वाक्यात यायला हवं. जकातीला एक ओळ द्या, आणि ती १८३२ ची द्या, साउथ कॅरोलायनानं जकातीवरून खरोखर केंद्राला आव्हान दिलं होतं तेव्हाची. त्या वेळी इतर एकही राज्य तिच्या मागे उभं राहिलं नाही आणि पुढच्या वर्षी तडजोड होऊन प्रकरण मिटलं.